पूल धरणारा

सुरुवात चष्म्यापासून झाली. बाबांनी चष्मा डोळ्यांवर ठेवूनच घरभर चष्मा शोधला आणि सापडला तेव्हा बापलेक पोट धरून हसले. मग एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं. मग एका सकाळी दुकानाला स्वतःच्या हातानं कुलूप लावून बाबा दुकानासमोरच उभे राहिले, कुणीतरी येऊन उघडेल म्हणून. त्या दिवशी मात्र छोटीला हसू आलं नाही.

छोटी म्हणजे काही लहान नव्हे. पन्नाशी उलटलेली बाई, निम्मे केस पांढरे, इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी. पण बाबांनी तिला पाळण्यात असल्यापासून छोटी म्हटलं आणि त्यांचं ऐकून सगळी गल्ली तिला छोटीच म्हणत आली. लग्न राहूनच गेलं. आधी आईचं आजारपण, मग बाबांचं एकटेपण, आणि मधल्या काळात विचारायला आलेले दोघे जण तिला आवडले नाहीत, एवढंच. घर म्हणजे रस्त्याला लागून बाबांचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान, त्याच्या मागे एक लांबट, अंधारी खोली, आणि त्या खोलीच्या बाजूला स्वयंपाकघर. लांबट खोलीत चामड्याचे तुकडे, खिळ्यांचे डबे, पायांचे लाकडी साचे, बाबांचं एक मोठं बंद कपाट आणि त्यांची खुर्ची. खोलीची मागची भिंत कोरी होती. तिच्यावर बाबांनी कधी खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं आणि छोटीला बाजूला घेऊन सांगितलं, "हे विसरणं उलटं चालतं. कालचं आधी पुसलं जाईल, मग गेल्या वर्षीचं, मग त्याच्या आधीचं. जुनं सगळ्यात शेवटी."

"म्हणजे ते मागं मागं जाणार."

"हो. त्यांच्याबरोबर तुम्हालाही थोडं मागं जावं लागेल. वाद घालू नका. ते ज्या वर्षात असतील त्या वर्षात जाऊन बसा."

छोटीला तो सल्ला पटला. ती वाद घालणारी बाई नव्हतीच. मात्र बाबांच्या वर्षांमध्ये एक संध्याकाळ होती, आणि तिच्यापाशी जाऊन बसायची कल्पना तिला सोसत नव्हती.

बाबा कोण होते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. युद्धाआधी या मुलखात जादू येणारी माणसं होती. लोक त्यांना विद्येवाले म्हणत. त्यात भव्यदिव्य काही नसे. कुणी पिकावर आलेली गारपीट दुसरीकडे वळवायचा, कुणी बाई अडलेलं बाळंतपण नुसता हात ठेवून सोडवायची, एक म्हातारा हरवलेली गुरं शोधून द्यायचा आणि बदल्यात कोंबडीची अंडी मागायचा. प्रत्येकाचा एक शब्द असे. तो गुरूनं कानात सांगायचा, आणि त्या एका शब्दावर त्याची विद्या आयुष्यभर चालायची. बाबांची विद्या पूल धरण्याची. नदीला पूर आला की लोक त्यांना बोलावून नेत. ज्या काठाला माणसं पोचवायची त्या काठावर ते उभे राहत, दोन्ही मुठी आवळत, शब्द उच्चारत, आणि पाण्यावरचं धुकं दाटून घट्ट होई. त्यावरून माणसं जात, गुरं जात, पोस्टमन तर घंटी वाजवत सायकलवरून जायचा. मुठी उघडल्या की पुन्हा नुसतं धुकं.

मग युद्ध आलं. शत्रूची फौज शहराशी येऊन ठेपली, आणि आपल्याच सरदारांनी घाबरून दगडी पूल उडवला, अर्धं शहर अलीकडच्या काठावर असताना. बाबांना होडीतून पलीकडे नेलं. होडीत आईला आणि तिच्या छातीशी बांधलेल्या तान्ह्या छोटीला जेमतेम जागा झाली. मोठी, म्हणजे छोटीची थोरली बहीण, सात वर्षांची, शेजाऱ्यांच्या घोळक्यात मागे राहिली. ती बाबांचा हात सोडेना. "मी समोरच उभा आहे," बाबांनी तिला सांगितलं, "माझ्याकडे बघत चालत ये. मागं वळून बघू नकोस." आई एवढंच सांगायची, तेही आयुष्यात एकदाच सांगितलं.

पलीकडे जाऊन बाबांनी पूल धरला. लोक चालू लागले. घोळका पुलावर असताना त्यांच्या पाठोपाठ शत्रूचे शिपाई पुलावर चढले. काठावरच्या सरदारानं बाबांना हुकूम दिला, सोड. बाबांनी मुठी उघडल्या.

शाळेच्या पुस्तकात यावर एक परिच्छेद आहे. त्यात पुलावरच्या नागरिकांना वीरगती मिळाली असं लिहिलं आहे. नदीत एकही प्रेत सापडलं नाही, हे लिहिलेलं नाही. ना नागरिकाचं, ना शिपायाचं. एक टोपीसुद्धा वाहून आली नाही.

युद्ध शेवटी हरलंच. तहाची पहिली अट अशी, की विद्या बंद. सगळ्या विद्येवाल्यांना चौकात रांगेत उभं केलं, आणि एकेकानं पुढे होऊन आपला शब्द तांब्याच्या हंड्यात बोलायचा. हंड्यात बोललेला शब्द जिभेवरून कायमचा जात असे. नंतर हंडे वितळवले. रांगेतून बाहेर पडताना गारा वळवणारा लहान मुलासारखा रडत होता म्हणतात. बाबा रडले नाहीत. त्यांनी चपला-बुटांचं दुकान टाकलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. बाबांना वेळेवर जेवायला वाढलं, आजारपणात उशाशी बसली, कधी टाकून बोलली नाही. फक्त एक गोष्ट छोटीनं लहानपणापासून पाहिली होती. बाबांच्या हातातून आईनं कधी काही घेतलं नाही. बाबा पेला खाली ठेवत, मग ती उचलत असे.

*

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. आठवडेच्या आठवडे ढगाचा ठिपका नाही, दुकानातलं चामडं कडकडीत वाळून तडे जायला लागलं होतं. आणि लांबट खोलीत मात्र गारवा होता, खिडकीच्या काचा आतून बाष्पानं धुरकटल्या होत्या.

छोटीनं त्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तसंच. तिनं गवंड्याला बोलावलं. त्यानं मागची भिंत ठोकली, तळहात लावला, नाक लावलं.

"ठणठणीत कोरडी आहे, ताई. उगाच पैसे कशाला घेऊ?"

"मग हा गारवा कुठून येतो?"

"गारवा आहे खरा," तो म्हणाला आणि हातातली थापी पिशवीत टाकून लगबगीनं निघाला. चहा ठेवला होता, त्यालाही थांबला नाही.

छोटी कामावर असताना शेजारच्या काकू बाबांपाशी बसायच्या. काकू म्हणजे गल्लीचं चालतं-बोलतं वर्तमानपत्र. डाव्या कानानं ऐकू येत नसे, आणि उजव्या कानानं जे येई त्यात स्वतःची भर घालून त्या ते पुढे पाठवत. एका संध्याकाळी छोटी घरी आली तर काकू दारातच उभ्या, आणि चक्क गप्प.

"काय झालं काकू? बाबा बरे आहेत ना?"

"बाबांना काय धाड भरलीय? मुठी आवळून बसलेत भिंतीकडे तोंड करून. जेवण मी भरवलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्याकडे पाहुणे यायचेत का गं?"

"नाही. का?"

"बरीच माणसं चालतायत. दुपारभर. मला वाटलं, मागच्या बाजूनं कुणाची मिरवणूक चाललीय."

"मागच्या बाजूला रस्ता नाही, काकू. भिंतीला भिंत लागून गोदाम आहे."

"ते मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "आणि ऐक, मला ते डाव्या कानानं ऐकू आलं."

*

नेमकं त्याच सुमारास शहराच्या संग्रहालयात युद्धाचं नवं दालन उघडायचं होतं. पुलाचा प्रसंग स्वतः पाहिलेलं बाबांखेरीज कुणी उरलं नव्हतं. म्हणून संग्रहालयातल्या बाई आल्या, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला. वयानं तरुण, बोलायला मऊ, प्रत्येक प्रश्नाआधी "तुम्हाला त्रास होणार नसेल तर" म्हणणाऱ्या. छोटीनं आधीच सांगून ठेवलं, की बाबांना आता फारसं आठवत नाही, मिळेल तेवढ्यावर समाधान माना.

दुपारची वेळ. बाबा खुर्चीत बसले होते. यंत्र त्यांच्या गुडघ्याशी स्टुलावर ठेवलं.

"काका, तुम्हाला त्रास होणार नसेल तर... पुलाबद्दल सांगाल?"

छोटीला वाटलं, ते जेवण झालं का विचारतील. पण बाबा ताठ बसले. इतक्या वर्षांत तिनं त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. घट्ट, कामाचा, अंगातली ताकद जपून वापरणाऱ्या माणसाचा.

"सावकाश बोला," ते म्हणाले. "धरलाय मी."

"काय धरलंय, काका?"

"पूल. बरेच लोक आहेत. म्हाताऱ्यांना पुढं घ्यायला सांगितलंय. ती बघा, आमची मोठी. किती नीट चालते. माझ्याकडे बघतेय."

बाईंनी छोटीकडे पाहिलं. छोटीनं मान खाली घातली होती.

"पुस्तकात लिहिलंय की लोक पुलाच्या मध्यावर होते, तेव्हा..."

"मध्यावर नाही. पोचलेच की. लागलीत बघा तिची बोटं माझ्या हाताला. गार पडलीत पोरीची बोटं." बाबांनी उजवी मूठ अंगाशी ओढली. कपाळावर घाम होता. "आता कुणी बोलू नका. तो हुकूम देईल बहुतेक. त्याच्या तोंडावरून दिसतंय."

"मग तुम्ही काय केलंत?" बाईंनी हलकेच विचारलं.

बाबांना प्रश्नच कळला नाही. "केलंत म्हणजे? धरलाय ना अजून."

बाईंनी यंत्र बंद केलं. ऐकू नीट आलंय का बघावं म्हणून तिथल्या तिथे थोडं परत लावलं. बाबांचा आवाज स्वच्छ आला होता. त्याच्या खालून दुसरा एक आवाज होता. मऊ, दाट, न संपणारा. ओल्या गवतावरून खूप माणसं चालावीत तसा.

"रस्त्यावरचा असेल," छोटी म्हणाली.

बाईंनी पुन्हा ऐकलं. मग अगदी मऊपणे म्हणाल्या, "रस्त्यावरची पावलं जवळ येतात आणि लांब जातात. ही नुसती जवळ येतायत."

परत येते, असं सांगून त्या गेल्या. त्या परत आल्या नाहीत. छोटीनं फोन केला तेव्हा मिळालं तेवढं पुरेसं आहे, असं सांगितलं.

छोटी त्या रात्री अंथरुणात डॉक्टरांचं बोलणं घोळवत पडली. कालचं आधी पुसलं जाईल, मग त्याच्या आधीचं. बाबा तह विसरले होते. चौकातली रांग विसरले होते. हंडा विसरले होते. शब्द जमा केल्याचंच ज्याला आठवत नाही, त्याच्यापाशी शब्द आहे की नाही? आणि मुठी उघडल्याचं ज्याला आठवत नाही, त्याचा पूल? ती उठून बसली, स्वतःला वेड्यात काढलं, आणि पुन्हा आडवी झाली. तिच्या कामात एक गोष्ट पक्की होती. जे आहे ते एक्स-रेमध्ये येतं. जे येत नाही, ते नाही.

*

बाबांची उजवी मूठ काही केल्या उघडेना. बोटं निळसर पडायला लागली. सांधे धरले असतील म्हणून छोटी त्यांना घेऊन इस्पितळात गेली. आपल्याच खोलीत, आपल्याच यंत्राखाली त्यांची मूठ ठेवून तिनं एक्स-रे काढला.

आधी तिला बाबांची हाडं दिसली. विरळ झालेली, कडांना झिजलेली, म्हाताऱ्या माणसाची. मग त्यांच्या मध्ये मध्ये दुसरी हाडं दिसली. बारीक. काडेपेटीतल्या काड्यांसारखी. चार बोटं आणि अंगठा, बाबांच्या बोटांमध्ये नीट गुंतवलेले.

आधीच्या रुग्णाचं चित्र त्यावर उमटलं असेल. होतं असं कधी कधी. तिनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, बाबांची मूठ दुसऱ्या बाजूनं ठेवली आणि परत काढला. लहान हात त्या बाजूनंही होता. त्या बाजूनं दिसायला हवा तसाच.

तिनं आयुष्यभर लहान मुलांचे हात पाहिले होते. हाडांच्या टोकांशी वाढीच्या फटी असतात, त्यांवरून वय सांगता येतं. तिला ते सांगायचं नव्हतं, पण नजर आपसूक गेली आणि उत्तर आपसूक आलं. सात वर्षं.

"दुखतंय का बाबा?" तिनं विचारलं.

"मला नाही," बाबा म्हणाले. "ती दमलीय."

छोटीनं दोन्ही चित्रं पुसून टाकली. कुणाला दाखवली असती तर काय बोलली असती? बाबांना उठवलं, मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि गाडीनं घरी आणलं. वाटेत तिच्या लक्षात आलं, की ती ऊब द्यावी तशी मूठ चोळते आहे.

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा लांबट खोलीतलं मोठं कपाट उघडलं. बाबांचं कपाट, तिनं कधी हात लावला नव्हता. आत बूट होते. नवे, कुणी न सांगितलेले, कुणी न नेलेले, खालपासून वरपर्यंत. पुरुषांचे, बायकांचे, म्हाताऱ्या पायांसाठी रुंद, मुलांचे. सगळे चालायला मजबूत. तळ दुहेरी शिवलेले.

"हे कुणासाठी, बाबा?"

"एवढं चालून आल्यावर पायात काही उरेल का?" बाबा म्हणाले. जणू छोटीनं काही बावळट विचारलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. डॉक्टर म्हणाले होते, ते ज्या वर्षात असतील त्या वर्षात जाऊन बसा. तेव्हा तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि बाबांच्या खुर्चीला लावून बसली. काकूंना सांगितलं, आज येऊ नका. दुकानाचं रस्त्याकडचं दार तिनं सताड उघडून ठेवलं. का उघडलं, ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

बाहेर ऊन रणरणत होतं. दुपार कलू लागली तशा काचा धुरकटल्या. मग जमिनीलगत पांढरं काही सरकलं. मग मागची भिंत दिसेनाशी झाली. पडली नाही, हलली नाही. धुक्यात एखादं झाड दिसेनासं होतं, तशी गेली.

पावलं आता मऊ नव्हती. खोकला ऐकू येत होता. कुणाचं तरी बाळ किरकिरत होतं. एक म्हातारी दर पावलाला "आई गं" म्हणत होती. आणि खूप मागून, तालात, जड बुटांचा आवाज.

बाबा उठून उभे राहिले. दोन्ही मुठी छातीशी. ओठ हलले, आणि छोटीनं तो शब्द ऐकला. तो कसा होता हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. जिभेवर यायचा आणि निसटायचा.

"छोटी," बाबा म्हणाले. त्यांनी तिला ओळखलं होतं. "मागं शिपाई आहेत."

"ऐकू येतंय बाबा."

"हुकूम आलाय. सोड म्हणतोय."

"इथं कुणी नाही हुकूम देणारं. मी आहे फक्त."

"शिपाई शहरात शिरतील गं. लोक मला काय म्हणतील?"

तिनं त्यांच्या मुठींवर हात ठेवले. बर्फासारख्या होत्या.

"येऊ देत. युद्ध संपलं बाबा. कधीच संपलं."

बाबांनी विचारलं, "कोण जिंकलं?"

"आता कोण विचारतंय?" ती म्हणाली. "सोडू नका. सगळे येऊ देत."

बाबांनी डोळे मिटले आणि पूल धरून ठेवला.

ते आले.

छोटीनं चेहरे पाहिले नाहीत. मान वर करायची हिंमत झाली नाही. तिनं पाय पाहिले. चिंध्या बांधलेले, टाचा फुटलेले, काही नुसते झिजून झिजून बारीक झालेले. ते कपाटाशी थांबत, बूट घालत आणि दुकानातून बाहेर रस्त्यावर जात. ढकलाढकल नाही, गडबड नाही. कुणीतरी जाताना हळूच म्हणालं, "पोचलो का हो?"

"पोचलात," छोटी म्हणाली.

मग शिपाई आले. तेही पोरंच होती. बंदुका कधीच टाकलेल्या. त्यांनाही बूट पुरले. एक जण दारात घुटमळला.

"जाऊ का?" त्यानं विचारलं.

"जा बाळा."

मग कुणी नाही.

बाबांची उजवी मूठ अजून मिटलेली होती.

"उशीर केलास गं," ते म्हणाले.

धुक्यातून मुलीचा आवाज आला. "तुम्हीच हात धरून ठेवलात. आधी सगळ्यांना जाऊ दिलं मी बाजूनं."

बाबांनी हात ओढला. एक पाऊल, मग दुसरं. ती खोलीत आली. धुळीनं माखलेला फ्रॉक, एका बाजूची वेणी सुटलेली.

बाबांची बोटं उघडली. मागं भिंत होती, कोरी, उन्हाळ्यात तापलेली. ते खुर्चीत बसले, खूप काम करून आलेला माणूस बसतो तसे. तळहात मांडीवर उताणे पडले. छोटीनं वाकून त्यांच्या नाकाशी बोटं नेली. थोडा वेळ तशीच ठेवली. मग त्यांचा चष्मा उतरवून बाजूला ठेवला.

"बाबा झोपले?" मुलीनं विचारलं.

"हो."

मुलीनं तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख पसरली. छोटी दिसायला थेट आईवर गेली होती, सगळे म्हणत.

"आई," मोठी म्हणाली, "तू म्हातारी का दिसतेस? आणि छोटी कुठंय?"

वाद घालायचा नव्हता. ज्या वर्षात ती होती, त्या वर्षात जाऊन बसायचं होतं.

"छोटी झोपलीय," ती म्हणाली. "तू ये. तुला काय देऊ?"

"पाणी."

तिनं मोठीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तो हात गार होता, पण हात होता. स्टुलावर बसवलं, पेला भरून दिला. मोठीनं तो तिच्या हातातून घेतला आणि एका दमात संपवला. दुसरा. तिसरा. छोटी तिची वेणी घालू लागली. रडावं की हसावं, तिला कळेना. बाबांचं काय करायचं, कुणाला कळवायचं, या मुलीला शाळेत कुठलं वय सांगायचं, असले प्रश्न एकामागून एक येत होते, आणि ती त्यांना म्हणत होती, थांबा जरा, आधी वेणी होऊ दे. मोठी पाणी पीत होती. घागर संपली तेव्हा छोटीनं नळ सोडला.

दारात काकू आल्या. हातात रिकामी कळशी.

"छोटे, भरलेलं पाणी आहे का गं तुझ्याकडे?" त्यांचा चेहरा भांबावलेला होता, पण दयेनं भरलेला. "माझ्याकडे एक जण आलाय. हे माझं घर म्हणतो. बिचारा इतका दमलेला, हाकलू कसा? बसवलं, पाणी दिलं. तो पितोय. नुसता पितोयच. पिंप संपलं माझं."

छोटी बाहेर डोकावली. भर उन्हात गल्लीतले सगळे आपापल्या दारात उभे होते. हातात बादल्या, हंडे, पातेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या मागं दार उघडं होतं, आणि आत अंधारात कुणीतरी बसलेलं होतं. तळ्यावरून आलेली पाण्याची एकच नळवाहिनी सगळ्या गल्लीला होती, आणि घरोघरचे नळ एकदमच गुरगुरायला लागले. धार बारीक झाली, तुटली, हवेची एक शीळ आली आणि थांबली.

मागून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मोठीनं रिकामा पेला दोन्ही हातांनी नीट पुढं धरला होता.

"अजून," ती म्हणाली, अगदी शहाण्या मुलीसारखी.